दाजींचा बोकड आणि हैदराबादचा नाताळ

हैदराबादेहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "मास्तर, चारमिनार पाहिला का?" पाहिला. मिनार चारच आहेत, खात्री करून घेतली. पण मला सांगायचं आहे ते एका बोकडाबद्दल, आणि त्या बोकडाला जीवदान देऊन बसलेल्या माझ्या दाजींबद्दल. ज्यांना फक्त इमारतींची वर्णनं हवी असतील त्यांनी दुसऱ्या कोणाला गाठावं.

मनमाडहून पुढे

मी नगरकडचा. शाळेत शिकवतो आणि सुट्टीत कीर्तन करतो. ख्रिस्ती माणूस कीर्तन करतो म्हटलं की परगावचे लोक बघत राहतात; पण आमच्या भागात पेटी, तबला, झांजा घेऊन येशूच्या गोष्टी रंगवून सांगायची चाल जुनी आहे. माझी थोरली बहीण, अक्का, सिकंदराबादेत असते. तिचा निरोप आला, की नाताळात आमच्या चर्चमध्ये कीर्तन करायला ये. निरोप आणणाऱ्यानं निघताना हळूच पुढचं सांगितलं, "बाई म्हणाल्या, दाजींसाठी ये म्हणावं."

बरोबर माझा तबलजी याकोब होता. हा पेशानं सुतार, स्वभावानं चिंतातुर. पूर्वी याच गाडीनं आम्ही गेलो होतो, तेव्हा निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीचे शिपाई जकातीसाठी डब्यात चढले होते आणि माझ्या झांजा 'ये क्या है' म्हणत वाजवून पाहिल्या होत्या. या खेपेला कोणीच चढलं नाही. हद्दच उरली नव्हती. पोलीस ॲक्शनला दोन वर्षं होऊन गेली होती. याकोबानं शिपायांना दाखवायचा म्हणून तबला नव्या धोतरात नीट बांधून आणला होता, त्यामुळे त्याचा फार विरस झाला.

परभणी मागे पडल्यावर एक लहानसं स्टेशन लागलं. निंबाचं झाड, पाण्याचा रांजण, बाकी काही नाही. इथून कोसभर आत दाजींचं गाव. तिथं त्यांचं भुसाराचं दुकान होतं, मागे घर होतं. ॲक्शनच्या आधीच्या वाईट दिवसांत बाहेरून आलेल्या एका टोळीनं दोन्ही पेटवलं, आणि दाजी बायकोमुलीला घेऊन सिकंदराबादेला आले ते तिथलेच झाले. मी याकोबाला हे सांगत होतो. तो गाव दिसतं का ते बघायला खिडकीतून वाकला, गाडीनं धक्का दिला आणि लाकडी झडप धाडकन त्याच्या उजव्या हातावर आली.

डब्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं पानाच्या डब्यातला चुना काढला, कोणी हळद दिली, आणि याकोबाची बोटं लग्नातल्या नवरदेवासारखी पिवळी झाली. बोटं मोडली नव्हती, पण गाजरांएवढी सुजली होती. "मास्तर," तो कण्हत म्हणाला, "तबल्याशिवाय तुमचं कीर्तन कोण ऐकंल?" माणूस दुखत असतानाही खरं बोलतो, याची मला गंमत वाटली आणि थोडा रागही आला.

सिकंदराबाद

दाजी रेल्वेच्या गोदामात कामाला आहेत. अंगात खाकी कोट, त्याला पितळी बटणं, डोक्यावर टोपी. त्यांचं नाव दानिएल. आवाज असा की मालगाडीच्या शिट्टीवर मात करावी. स्टेशनवर त्यांनी मला मिठी मारली, याकोबाची बोटं पाहून हळहळले आणि ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेतली. असा मनमोकळा माणूस. याच्यासाठी बहिणीनं निरोप का पाठवावा, मला कळेना.

ते जेवायला बसल्यावर कळू लागलं. घरात फराळाचा थाट आपल्याकडच्यासारखाच होता: करंज्या, शंकरपाळे, चकल्या. पण ताटात भरली वांगी. दुसऱ्या दिवशी पुन्हा वांगी. अंगणात मात्र एक बोकड बांधलेला, काळाभोर, दाढीवाला, पोट जमिनीला टेकेल इतका माजलेला. माझी भाची सलोमी त्याला 'नवाब' म्हणते, कारण तो दिवसभर चघळत बसतो आणि उठायला सांगितलं की रागावतो.

"हा नाताळसाठी का?" मी विचारलं.

"मागच्या नाताळसाठी होता, मामा," सलोमी म्हणाली. "हमारे घर में वांगीच बनतात. हौ, सच्ची!" तिकडची मुलं एका दमात तीन भाषा बोलतात आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नाही.

अक्कानं चुलीपाशी बसून खुलासा केला. आपल्या गावागावांतून बोकडावर सुरी फिरवतो तो मुलाणी. हिंदू असो, ख्रिस्ती असो, त्याच्या हातचंच सगळे खातात. दाजींच्या गावी हा मान हसनचाचा मुलाण्याचा. दाजींच्या बापाच्या वेळेपासून नाताळचा बोकड त्यानंच कापावा आणि पहिल्या पंगतीला त्यानंच बसावं. घर पेटलं त्या संध्याकाळी दाजी बायकोमुलीला घेऊन धावले ते हसनचाचाच्याच दाराशी. दार वाजवलं, हाका मारल्या. दार उघडलं नाही. तिघांनी रात्र ज्वारीच्या शेतात काढली.

"घर जळालं त्याचं त्यांनी कधी नाव काढलं नाही," अक्का म्हणाली. "दार उघडलं नाही, ते गिळता येईना. शपथच घेतली, की मुसलमानाच्या सुरीचं खाणार नाही आणि मुसलमान माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. इथं बाजारातही सुरी मुल्लाच फिरवतो. एकदा स्वतः सुरी घेऊन गेले अंगणात. नवाबानं वर पाहिलं. परत आले आणि त्याच सुरीनं भोपळा चिरून दिला मला."

मी हसू लागलो, पण अक्का हसली नाही. "शामू, वांग्यांचं काही नाही रे. आपल्या घरात कोण येत नव्हतं? आता आलेला माणूस कोण आहे हे आधी बघतात, मग दार उघडतात. सलोमी हेच शिकतेय. त्यांचं मन जरा मऊ होईल असं कीर्तन कर."

माझ्या कीर्तनानं आजवर लोणीसुद्धा पातळ झालेलं नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

जेवणाआधी घरची प्रार्थना झाली. प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणत होतो. दाजींचा आवाज सगळ्यांच्या वर. 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो तशी तू आम्हांला कर' ही क्षमेची ओळ आली आणि दाजींना खोकला आला. ओळ संपली, खोकला थांबला, पुढच्या शब्दापासून आवाज पूर्ववत. मला वाटलं ठसका असेल. पण दुसऱ्या दिवशी त्याच ओळीला तोच खोकला. सलोमी माझ्याकडे पाहून मान हलवत होती. मला दाजींचा राग यायला हवा होता, पण उलट त्यांच्याबद्दल आदर वाटला. आपण ती ओळ रोज घडाघडा म्हणतो आणि शेजाऱ्याशी बोलत नाही. हा माणूस निदान देवासमोर खोटं बोलत नव्हता.

चारमिनारच्या मागे

तबलजीचा प्रश्न तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी सोडवला. हे तेलुगू गृहस्थ, गोड बोलणारे. त्यांच्या मंडळीतल्या बायका डोक्यात भरगच्च मोगरा माळून, चपला बाहेर काढून, चर्चमध्ये सतरंजीवर बसतात. आमच्याकडच्या बाकांपेक्षा मला ते फार आवडलं. साहेब म्हणाले, चारमिनारच्या मागे मेहबूबमियाँ नावाचे एक उस्ताद राहतात. एका जहागीरदाराच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, तबला वाजवायचे. जहागिरी गेल्या, देवडी बंद झाली, उस्ताद घरात बसून आहेत.

दाजींनी हे ऐकलं आणि आकाशाकडे पाहिलं. पण मला गल्ल्या ठाऊक नाहीत आणि मेव्हण्याला परक्या शहरात एकटं सोडणं त्यांच्यात बसत नाही. "मी येतो," ते म्हणाले. "पण कोपऱ्यावर उभा राहीन."

दुमजली बसनं आम्ही अफझलगंजला उतरलो, नया पूल ओलांडला. पत्थरगट्टीच्या कमानींखाली अत्तरवाले, बांगड्यांची झगमग, आणि कढईतून येणारा असा वास की वांगी खाऊन कंटाळलेल्या माणसानं धर्मसंकटात पडावं. एका इराण्याकडे दाट, दुधाळ चहा घेतला. दाजींनी दोन पेले घेतले. इराण्याबद्दल शपथेत काही म्हटलेलं नव्हतं.

गल्ली अरुंद होती. दाजी ठरल्याप्रमाणे कोपऱ्यावर थांबले. मी दार वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. मग मी माझा कीर्तनाचा आवाज काढला, "उस्ताद! दरवाजा खोलो!" समोरच्या घराची खिडकी लागली. बाजूची लागली. एक बाई पोराला ओढून आत घेऊन गेली. मला काही समजेना. आमच्या गावात असं ओरडलं की चार माणसं जमतात. गोंधळ पाहून दाजी ताडताड चालत आले, "नसतील घरी, चल," म्हणत त्यांनी दारावर शेवटची थाप मारायला हात उचलला.

तेवढ्यात आतून आवाज आला. म्हाताऱ्या पुरुषाचा, थरथरता. "घर में मर्द कोई नहीं है जी."

मला हसू फुटणार होतं. पुरुषाच्या आवाजात कोणी म्हणतो का, घरात पुरुष नाही म्हणून? मी दाजींकडे पाहिलं. त्यांचा हात वरच राहिला होता. त्यांनी तो पाहिला, कोटाची खाकी बाही पाहिली, पितळी बटणं पाहिली. मग टोपी काढली, कोट काढून माझ्याकडे दिला, आणि तो मालगाडीच्या तोडीचा माणूस पायरीवर बसून इतक्या हळू बोलू लागला की मलाही वाकावं लागलं.

"उस्ताद, मैं दानिएल. सिकंदराबाद का. पुलीस नै, रेल के गोदाम में काम करतूँ. हमारे गिरजे में कीर्तन है, तबलची का हाथ दब गया. आपकू बुलाने आया. खोलने की जल्दी नक्को करो. मैं इधरिच बैठतूँ."

मग आत कडी वाजू लागली. खडखड, पुन्हा खडखड, थांबली, पुन्हा. शेवटी दार उघडलं. पांढरी दाढी, स्वच्छ धुतलेला, ठिगळ लावलेला कुर्ता, घामेजलेलं कपाळ.

"माफ करना भाई," उस्ताद म्हणाले. "हाथ काँप रहे थे. कुंडी मिलतीच नै थी."

आत चहा झाला. पडद्याआडून त्यांच्या बायकोनं जर्दाळूचा गोड पदार्थ पाठवला, खुबानी का मीठा. तो खाऊन मी तिथंच मुक्काम ठोकायला तयार होतो. उस्ताद यायला राजी झाले. दाजी मात्र वाटीत चमचा फिरवत बसून होते.

परतताना आम्ही बसच्या वरच्या मजल्यावर बसलो. हुसेनसागर आला, पाण्यावर ऊन चमकत होतं. दाजी खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "शामू, त्या दिवशी हसनचाचाच्या आतूनही कडी वाजत होती. अशीच. मला वाटलं, वरची कडीसुद्धा लावतोय."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सिकंदराबाद येईपर्यंत काढला नाही.

कीर्तन

मी गोष्ट लावली होती नाताळचीच. योसेफ आणि दिवस भरलेली मरिया बेथलेहेमात दारोदार फिरताहेत आणि कोणी दार उघडत नाही. ही निवड मी आधीच केली होती, दाजींना टोमणा म्हणून नव्हे. पण आता ती सांगायला उभं राहताना मी दाजींकडे बघायचं टाळलं.

उस्तादांना मराठी येत नव्हती. त्यांनी याकोबाला शेजारी बसवून घेतलं आणि याकोब डाव्या हातानं मांडीवर ताल दाखवू लागला. दुसऱ्या पदापासून त्याची गरजच उरली नाही. योसेफानं पहिलं दार ठोठावलं तेव्हा उस्तादांनी डग्ग्यावर दोन थापा अशा दिल्या की पुढच्या रांगेतली एक मुलगी खरोखर मागे वळून चर्चच्या दाराकडे पाहू लागली. पुढच्या दाराला थाप हळू. त्याच्या पुढच्या दाराला नुसती बोटं. लोक श्वास रोखून बसले. मी आयुष्यात इतकं चांगलं कीर्तन केलं नाही, आणि ते मी केलं नव्हतंच, ते उस्तादांच्या बोटांनी केलं.

मध्यंतरात यजमानानं कीर्तनकाराला आणि साथीदारांना हार घालायचा असतो. यजमान दाजी. मला घातला, याकोबाला घातला, चर्चच्या पेटीवाल्याला घातला. मग उस्तादांपुढे ते उभे राहिले, आणि मागे बसलेल्या अक्कानं पदराचं टोक दातांत धरलेलं मला दिसलं. दाजींनी हार घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उस्ताद, आज खाना हमारे घर में."

घरात शिरताना उंबऱ्यापाशी दाजी बाजूला झाले आणि त्यांनी उस्तादांना आधी आत जाऊ दिलं. अक्का स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि लगेच ओरडली, "सलोमी, पाटावर पाट काय मांडतेस!" ताटात अर्थात वांगी. उस्तादांनी कापडात बांधलेला डबा पुढे केला. त्यांच्या बेगमनं नाताळची भेट पाठवली होती. उघडला तर बघारे बैंगन. सलोमीनं कपाळावर हात मारला आणि मग सगळे इतके हसलो की नवाब अंगणातून बोंबलू लागला. त्याचं नाव कळल्यावर उस्ताद म्हणाले, "हमारे नवाबसाब बी ऐसेच थे. दिन भर चबाते, शाम कू गुस्सा करते."

बघारे बैंगन म्हणजे तीळ, शेंगदाणे, चिंच. वांग्यात एवढं सुख असेल असं मला वाटलं नव्हतं. "लेकिन बकरा रखके बैंगन कैकू?" असं उस्तादांनी विचारल्यावर दाजींनीच सगळं सांगितलं, शपथेसकट, खालमानेनं. उस्तादांनी ऐकून घेतलं. "मेरे कू छुरी नै आती," ते म्हणाले, "मैं तो चमड़ा बजातूँ." आणि मग, "हसनचाचा हैं अभी?"

"मालूम नै," दाजी म्हणाले. "पूछाच नै मैं कभी."

परतीची गाडी

आम्ही निघालो त्या दिवशी दाजी स्टेशनवर आले ते रजा काढून, अक्का-सलोमीला घेऊन आणि नवाबाला दोरीनं ओढत. गार्ड ओळखीचा होता म्हणून त्याच्या डब्यात बोकडाची सोय झाली. तिथं त्यानं गार्डाच्या हिरव्या झेंडीचा कोपरा खाल्ला. गार्ड प्रत्येक स्टेशनवर येऊन दाजींना ती झेंडी दाखवून जायचा.

निंबाच्या झाडाच्या त्या स्टेशनवर आम्ही सगळेच उतरलो. मला शाळेची घाई होती, याकोबाला घरची, पण उतरलो. गावात शिरल्यावर दाजींनी आपल्या जळक्या घराच्या भिंतीकडे एकदाच पाहिलं. मुलाणीवाड्यातली बरीच घरं ओसाड होती. ॲक्शननंतर तिथलेही लोक पळाले होते. हसनचाचाचं दार होतं. बंद होतं.

दाजींनी टोपी काढली. दाराला हात लावला नाही. उंबऱ्यापाशी खाली बसले आणि आवाज दिला, "चाचा, मी दानेल. एकटा नाही, पण सगळी आपलीच माणसं आहेत. सावकाश उघडा. मी बसलोय."

आत कडी वाजू लागली. खडखड. थांबली. पुन्हा खडखड. दाजी डोळे मिटून ऐकत होते. अक्कानं माझा हात इतका आवळला की याकोबाचं दुखणं मला समजलं.

दार उघडलं. वाकलेला, दाताचा पत्ता नसलेला म्हातारा दाजींकडे बघत राहिला. "दानेल, त्या राती..." तो सांगू लागला. दाजी उठले आणि म्हणाले, "चाचा, कळलं मला. कळायला उशीर झाला." एवढंच. मग म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी दाजींचं तोंड चाचपलं, जसं दिसेनासं झालेलं माणूस चाचपतं, आणि त्याची नजर पलीकडे नवाबावर गेली.

"आरं दानेल," तो रडत रडत ओरडला, "इतका माजूस्तर ठेवत्यात व्हय बोकड? ह्याचं मटण वहाणंवानी लागंल!"

त्या संध्याकाळी त्याच अंगणात पंगत बसली. सलोमीनं बोकडाच्या नावानं थोडं डोळे पुसले आणि दोनदा वाढून घेतलं. जेवणाआधी दाजींनी प्रभूची प्रार्थना म्हटली. क्षमेची ओळ जवळ आली तसे आम्ही सगळे खोकल्याची वाट बघू लागलो. तो आला नाही. दाजींनी ती ओळ म्हटली, आणि मग ताटाकडे बघत, जणू कोणी विचारलंच म्हणून, पुन्हा एकदा म्हटली.

मटण खरोखर वहाणेसारखं लागलं. हसनचाचाला दात नव्हते, म्हणून दाजी बारीक तुकडे करून त्याच्या ताटात टाकत होते.